मी गेल्याची खबर

बायको गेल्यावर लोकांनी मला पुस्तकं आणून दिली. मी देऊळगाव राजाच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो, तेव्हा ह्या माणसाला जे काही होईल त्यावर पुस्तक हाच इलाज, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी ती सगळी वाचली. समासात पेन्सिलीने खुणाही केल्या. दुःखावर त्यांचा परिणाम झाला नाही. पेन्सिली मात्र संपल्या.

उपयोग झाला तो तिच्या आवाजाचा. तिला फोनवर लिहायचा कंटाळा असे. मी घराबाहेर असलो की ती बोलून ठेवी आणि ते बोलणं माझ्या फोनवर येऊन पडे. "आयकलं का. येतानी अद्रक आनजा. मांगच्या बारीवानी सडेल आनसान त तुमीच खाजा." किंवा नुसतं, "लाईन आली." किंवा, "कुठी हायेत तुमी? गॅसवाला येऊन चालला गेला." अशी कितीतरी. ती होती तेव्हा यातलं मी अर्धं ऐकत असे आणि आलं विसरून घरी येत असे. ती गेल्यावर मात्र रोज दिवेलागणीला ओसरीवर बसून एक-दोन ऐकू लागलो. मला दिलेल्या एकाही शोकग्रंथात आल्याचा उल्लेख नव्हता.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात पैसेही गेले, अब्रूही गेली. पण जायला नको होतं ते हे होतं.

आमचं गाव बीबी गावाच्या अलीकडे. निवृत्त होऊन गावी राहायला आलो तेव्हा मला एक उद्योग आपोआप मिळाला. लोकांच्या फोनवर खोट्यानाट्या गोष्टी यायला लागल्या होत्या. कापसाला भाव नाही, बोंडअळीने निम्मं पीक खाल्लेलं, आणि अशा वेळी फोनवर येई: 'कापूस अनुदान मंजूर, खालील लिंक दाबा.' 'पीक विम्याची यादी आली, तुमचं नाव तपासा.' ज्याला खरोखर अनुदानाची वाट पाहायची आहे त्याचा अंगठा त्यावर जाणारच. मग कोणीतरी म्हणालं, सरांना दाखवा, ते वाचतात. संध्याकाळी ओसरीवर लोक फोन घेऊन येऊ लागले, वैद्याकडे जीभ दाखवायला यावं तसे.

मी चष्मा कपाळावरून खाली ओढून तो मजकूर वाचत असे. मुद्दाम थोडा वेळ घेत असे. मग म्हणत असे, "खोटं आहे."

"काऊन खोटं?"

"सरकार तुम्हाला पैसे द्यायला एवढी घाई करेल का?"

हे सगळ्यांना पटे. वीज आज रात्री कापणार म्हणून फोन आला तर आधी आपल्या वायरमनला विचारा. तुमच्या पोराला पोलिसांनी धरलंय असं कोणी म्हणालं तर आधी पोराला फोन लावा. बँकेतला साहेब आकडा विचारत असेल तर तो बँकेतला नाही. फोनमध्ये काही शिरलंच, तर आधी फोन बंद करा, सिम काढा, मग बाकीचं. आणि सगळ्यांवरचा नियम एकच: जे आलं ते उघडू नका, ज्याने पाठवलं त्याला फोन करून विचारा. हे मी इतक्या वेळा सांगितलं की गावात माझं नाव 'सायबर सर' पडलं. मला ते आवडत नाही असं मी दाखवत असे.

बायको ह्यावर फार हसत असे. शेत तिचं होतं; म्हणजे सातबारा माझ्या नावावर, पण शेत तिचं. बियाणं कुठलं आणायचं, फवारणी कधी, वेचायला कोण येणार, हे सगळं तिच्याकडे. माझी शेतीतली एकच कामगिरी गावाच्या लक्षात आहे. बोंडअळीचा पहिला मोठा हंगाम होता. मी फिरायला म्हणून शेतात गेलो आणि मला पराटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, एक फूल दिसलं, जे फुललंच नव्हतं. पाकळ्या एकमेकींत पिळून मिटलेल्या, अगदी गुलाबाच्या कळीसारख्या. मला ते फार सुंदर वाटलं. मी ते तोडलं, घरी आणलं आणि शब्दकोशात दाबून ठेवलं. दोन-तीन दिवसांनी कोश उघडला तर पानावर एक गुलाबी अळी सावकाश चालली होती.

अशा फुलाला डोमकळी म्हणतात. आत अळी असते, ती आतून रेशमाने पाकळ्या शिवून टाकते म्हणून ते उमलत नाही. ती तोडून चिरडायची असते. बायकोने कोश अंगणात झटकला, अळीवर चप्पल ठेवली आणि म्हणाली, "लोकायचे फोन तपासता न तुमी." त्या वर्षी वेचणीला आलेल्या प्रत्येक बाईला तिने ही गोष्ट सांगितली.

ती गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. शेत मी बटईने, निम्म्या वाट्यावर, दिलं होतं, तिच्याच वेचणीच्या टोळीची जी मुकादमीण होती तिला. ही बाई बायकोची मैत्रीण. भाव पडलेला असल्याने तिने कापूस विकला नव्हता, आणि तिच्या घरात जागा नव्हती, म्हणून तो माझ्या पुढच्या खोलीत भरून ठेवला होता. खिडकीपर्यंत ढीग. मी त्या ढिगाच्या कडेला खाट टाकून, अंग खाजवत पुस्तकं वाचत होतो.

अशाच एका सकाळी फोनवर एक फाईल आली. पाठवणारा माझा जुना सहकारी, चिखलीकडच्या एका गावात राहणारा, वयाने माझ्याहून मोठा. फाईलचं नाव: शोकसंदेश. बाकी एक अक्षर नाही.

हा माणूस बायकोच्या तेरवीला एस.टी.ने आला होता, गुडघे दुखत असताना. दिवसभर माझ्याशेजारी बसून राहिला आणि शेवटच्या गाडीने गेला. जाताना 'येतो' म्हणाला नाही, कारण आपल्याकडे बसायला आलेला माणूस तसं म्हणत नाही. नुसता उठतो आणि चपला घालतो. त्याची पाठ मला अजून आठवते. जो आपल्या दारी येऊन बसला त्याच्या दारी आपण जाऊन बसायचं, यात आपल्याकडे दुसरा विचार नसतो. लग्न चुकलं तर अहेर पाठवून भागतं. हे चुकलं तर भागत नाही.

आता कोणी म्हणेल, सायबर सर, तुमचा नियम काय होता? फोन करून विचारायचं. पण काय विचारायचं? शोकाच्या घरी फोन लावून 'कोण गेलं हो?' असं विचारायचं? आणि तो स्वतःच गेला असेल, आणि मुलाने फोन उचलला, तर 'तुमच्याकडून फाईल आली आहे, ती खरी आहे का?' माझ्या तोंडून ते निघालं नसतं. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या फाईली मी गावातल्या कितीतरी लोकांना उघडू दिल्या नव्हत्या. मरणाची फाईल खोटी असू शकते हे मला सुचलंच नाही. मी वाचलेल्या पुस्तकांत चोरांनाही काही रीत असते.

मी फाईल दाबली. फोन म्हणाला, हे अनोळखी ठिकाणाहून आलं आहे, धोकादायक असू शकतं. मी मनात म्हटलं, मरण हे तसंच असतं. 'तरीही पुढे जा' दाबलं. मग त्याने तुमचे मेसेज वाचू का विचारलं. वाच बाबा. तुमच्या ओळखीच्यांचे नंबर पाहू का? पाहा. तुमच्या वतीने मेसेज पाठवू का? मला थोडं विचित्र वाटलं, पण शोकाच्या घरी माणूस जास्त प्रश्न विचारत नाही, जे सांगतील ते करतो. तेरवी कुठे, किती वाजता, एवढं कळलं की झालं, या घाईत मी सगळ्याला हो म्हणत गेलो. शेवटी एक पांढरा पडदा आला, त्यावर एक वर्तुळ गरगरत राहिलं. आमच्याकडे रेंज नसते, तेव्हा ते वर्तुळ बघायची सवय असते. फोन खिडकीत ठेवला, पांढरा सदरा कपाटातून काढून ठेवला आणि दुपारच्या गाडीने चिखली गाठायची म्हणून आधी अंघोळ उरकून चहा टाकला.

चहा गाळत होतो तेव्हा फाटकाशी आक्रोश ऐकू आला. आमच्याकडे बायका शोकाच्या दारात शिरताना मोठ्याने रडत शिरतात, गेलेल्याचे गुण सांगत. मला वाटलं शेजारी काही झालं. मी गाळणं हातात घेऊन बाहेर आलो. फाटकात मुकादमीण बाई, तिच्या मागे वेचणीची सगळी टोळी. कमरेला ओट्या तशाच बांधलेल्या, ओट्यांत अर्धा अर्धा कापूस. बाई रडत होती, "पुस्तकाचा मानूस गेला वो माय, गरीब मानूस गेला, कोनाले काही न बोलनारा," आणि तिची नजर माझ्यावर पडली.

आक्रोश मधेच थांबला. मागच्या बायकांना पुढचं दिसत नव्हतं, त्या थोडा वेळ रडत राहिल्या, मग त्याही थांबल्या.

"सर," ती म्हणाली, "तुमी तं हायेच."

"हो," मी म्हटलं.

"मंग फोनात काय आलं आमच्या घरधन्याच्या? तुमच्या नंबरवरून आलं. शोकसंदेश."

"उघडलं का त्यांनी?"

"उघडाचं कायले? मरनाची खबर काय फोनात पाहाची असते? मी त्याइले म्हनलं फोन ठेवा, आन् वावरातून सिद्धी इकडं आलो आमी." मग तिने पदराने डोळे पुसले आणि आवाज चढवला. "अर्धा कापूस टाकून आलो न आमी. पाटलाच्या वावरात. आता त्याइले काय सांगू, सर जित्ते निंघाले म्हनून?"

मी माफी मागितली. आपण जिवंत असल्याबद्दल माफी मागायची माझी ती पहिली वेळ.

बायका परत गेल्या नाहीत. एकदा बसायला आलं की बसावं लागतं. त्या पुढच्या खोलीत कापसाच्या ढिगाला टेकून बसल्या. मी समोर खाटेवर. थोड्या वेळाने शेजारचे दोघे आले, मग सोसायटीचे माजी चेअरमन टोपी हातात घेऊन आले, मला बघून टोपी घातली आणि बसले. कोणी काही बोलत नव्हतं, सवयीने. मी माझ्याच शोकाला बसलो होतो.

शेवटी माझा शाळासोबती आला. बसस्टँडजवळ त्याचं शिवणकामाचं दुकान आहे. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. मी ग्रंथपाल झालो, त्याने वडिलांची मशीन चालवली, आणि तो मला एकट्यालाच अजून 'बे' म्हणतो. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, डोळे लाल. दारात उभा राहून तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"जिंदा हायेस का बे?"

"आहे."

"स्टँडवर सांगतलं मले कोनी. मी दुकान बंद करून पयत आलो. एकाचा पायजमा मशीनवरच राह्यला, एक पाय शिवेल." तो माझ्याजवळ खाली बसला. मग हळूच म्हणाला, "पन बरं झालं बे. रडनं होऊन गेलं माह्यं. आता खरंच जाशीन तवा मी येनार नाही."

बायका हसल्या. मीही हसलो. पण तेवढ्यात खिडकीतला फोन पेटला, विझला, पुन्हा पेटला. मी उचलून पाहिला. हिरव्या चिन्हाच्या त्या अ‍ॅपमधून माझा शोकसंदेश एकेका नावाला जात होता. माझ्या डोळ्यांसमोर. पुण्याच्या भाच्याला गेला. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांना गेला. गावातल्या ज्यांनी त्याच आठवड्यात कापूस विकला होता, ज्यांच्या खात्यात वर्षाचे पैसे नुकतेच पडले होते, त्यांच्या नावांपर्यंत तो येत होता. आणि ही सगळी अशी माणसं, जी माझ्या नंबरवरून आलेलं काहीही डोळे मिटून उघडतील. कारण सायबर सरांनी पाठवलंय.

"बंद कर बे ते," मित्र म्हणाला.

मी ती शोकसंदेशाची फाईल शोधली, काढून टाकायला. ती सापडेना. असल्या गोष्टी आत शिरल्या की स्वतःचं चिन्ह लपवतात, हे मला माहीत होतं. मी ते ओसरीवर सांगितलेलंही होतं. पण त्या क्षणी मला फक्त ते हिरवं चिन्ह दिसत होतं, ज्यातून सगळं जात होतं. मी त्यावर बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, हे काढायचं का? आणि यातली सगळी माहितीही काढायची का?

तिचे आवाज त्यातच होते. हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. त्यांची नक्कलही कुठे ठेवलेली नव्हती, कारण आपली खाजगी माहिती परक्या जागी साठवू नये असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि ती सोय अभिमानाने बंद केली होती. पडद्यावर पुढचं नाव आलं: मुकादमीण बाईच्या धाकट्या जावेचं. ती शिकलेली होती, फोन हाताळणारी. ती उघडणार.

मी 'हो' दाबलं.

हिरवं चिन्ह गेलं. मी फोन मांडीवर ठेवला. मला वाटतं त्या वेळी माझ्या चेहऱ्याचं काहीतरी झालं असणार, कारण मुकादमीण बाई म्हणाली, "सर, पानी देऊ का?" आणि तेवढ्यात चेअरमनांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी काढून पाहिला. "तुमचाच मेसेज आला," ते म्हणाले. "शोकसंदेश. आता साध्या मेसेजमधून आला."

मग बाईच्या फोनवरून मी सायबर तक्रारीचा नंबर लावला. पलीकडचा आवाज शांतपणे म्हणाला, "आधी फोन बंद करा, सिम काढा. मग बोलू." सिमची खिडकी उघडायला टाचणी मित्राच्या कॉलरला होतीच.

त्यानंतर दुपारभर आम्ही सगळे फोन करत बसलो. मित्र त्याच्या साध्या बटणांच्या फोनवरून, बाई तिच्या, चेअरमन त्यांच्या. प्रत्येक जण कोणाला तरी सांगत होता: सर गेले नाहीत, ते उघडू नका. "हाव, जित्ते हायेत. समोरच बसेल हायेत. द्या म्हनता का त्याइले?" मग फोन माझ्याकडे येई आणि मी दोन शब्द बोलून आपण असल्याचं सिद्ध करी. जुन्या सहकाऱ्यालाही लावला. त्याने स्वतः उचलला. त्याच्याकडे ती फाईल त्याच्या साडूच्या नंबरवरून आली होती, आणि त्यालाही फोन करून विचारायची लाज वाटली होती. "बरं आहे," तो म्हणाला. "बरं आहे," मी म्हणालो.

दिवस कलला तशी माणसं उठू लागली. इथे एक अडचण झाली. बसायला आलेला 'येतो' म्हणत नाही. पण इथे तर कोणी गेलं नव्हतं. चेअरमन उंबऱ्यात घोटाळले, मान हलवली आणि नुसते गेले. शेजारीही तसेच. मुकादमीण बाई फाटकापर्यंत गेली, परत वळली आणि मोठ्याने म्हणाली, "येतो सर. आमी उद्या बी येतो." मग बायकांना म्हणाली, "चला वो, तो पाटील बोंबलून राह्यला असन."

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला गेलो. चिखलीला गाडी बदलली. सायबर पोलिसांकडे माझी तक्रार एका तरुण शिपाई मुलीने घेतली. मी सगळं क्रमवार सांगितलं, तळटीपा वगळता. खात्यातून काय गेलं ते तिने बँकेशी बोलून पाहिलं. थोडं अडवता आलं, थोडं गेलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ती म्हणाली, "आमच्याकडे वकील येतात, बँकवाले येतात. मरून आलेले तुम्ही पहिलेच."

मग तिने फोन पुसून कोरा करावा लागेल म्हणून सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप का काढलं होतं, सर?"

"त्यातून जात होतं म्हणून."

"ते काढून उपयोग नव्हता. जाणारं दुसरीकडून गेलंच असतं. नुसता फोन बंद केला असता तरी पुरलं असतं." मग तिने वर पाहिलं. "महत्त्वाचं काही होतं का त्यात?"

"होतं," मी म्हटलं.

"काय?"

"आल्याबद्दल होतं," मी म्हणालो. तिने आणखी विचारलं नाही. फोन वायरीला लावून बराच वेळ शोधलं, आपल्या जेवणाच्या सुट्टीतही. काही आलं नाही. कोरा फोन घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

नंतर लोक ओसरीवर फोन घेऊन आले नाहीत, असं मला लिहायला आवडलं असतं. त्याने गोष्ट नीट झाली असती. ते आले. पूर्वीपेक्षा जास्त आले. ज्याला एकदा विंचू चावला त्याला विंचवातलं कळतं, असा गावाचा हिशेब. मीही तपासून देत राहिलो, फक्त चष्मा ओढायचं नाटक बंद केलं, आणि नियमात एक भर घातली: मरणाची खबर असली तरी विचारा. लाज वाटली तरी विचारा. ते नको वाटत असेल तर उठून त्यांच्या दारी जा, पण उघडू नका. दिवेलागणीला मात्र मला काही काम उरलं नव्हतं. मी हातात पुस्तक धरून बसत असे. पान उलटत नसे.

तिसऱ्या वेचणीच्या सुमारास कोऱ्या फोनवर एक बारीकशी पट्टी आली. मुकादमीण बाईच्या नंबरवरून. आवाजाची. मी तिला हात लावला नाही. फोन लावला.

"ताई, तुम्ही काही पाठवलंय का?"

"हाव. मीच पाठोलं."

"नक्की तुम्हीच?"

"मंग काय माह्यं भूत? उघडा न."

"कशाचं आहे?"

"वयनीचं हाये," ती म्हणाली. "आमच्या टोळीच्या गटावर बोलत जाय न ती. म्या त्यातलं काई पुसून टाकलं नोयतं. तुमचे गेले म्हने सगळे, शिंपीभाऊनं सांगतलं. तुमी तं काई बोलत नाही."

मी फोन ठेवला आणि पट्टी दाबली.

"आयका वो बायायहो," बायको म्हणाली. "उद्या सातले निंघाचं. पानी आपआपलं आनजा, आमच्या हिरीचं खारं झालं. आन् डोमकळी दिसली त तोडून तिथंच चिरडजा. सराईच्या हाती देऊ नका, ते पुस्तकात घालून ठेवतेत." मागे बायका हसल्यासारखं काही नव्हतं, पण ती स्वतःच थोडी हसली. मग मागून, लांबून, स्वयंपाकघरातून असावा, एक पुरुषी आवाज आला: "अगं, साखर कुठे ठेवलीस?" आणि ती, तोंड फिरवून, "थांबा वो, येतो मी." आणि पट्टी संपली.

तो माझा आवाज होता. मला ओळखायला वेळ लागला.

मी ते पुन्हा ऐकलं. मग बाईला परत फोन केला.

"भेटलं का?" ती म्हणाली.

"मिळालं."

"अजून लय हायेत. सगळ्या शिव्याच हायेत पन. धाडू का?"

"धाडा. पण धाडायच्या आधी एक फोन करत जा."

"दर बारी?"

"दर वेळी," मी म्हटलं.